सहाव्या काचेतली छाती

दत्ताराम घाडी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी हृदयाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. प्लास्टरचं हृदय, मधोमध उघडणारं, आतून रंगवलेलं. त्यांना ते कानाच्या भावात हवं होतं. फोन दत्तारामच्या मेव्हण्याचा होता. "भावोजी गेले सकाळी. मुलुंडला, घरीच." मी फोन ठेवला आणि... खरं तेच लिहितो... आधी सौदा पुरा केला. जो भाव सांगितला होता त्यावरून खाली आलो नाही. मुख्याध्यापक हृदय घेऊन गेले, मग घाटकोपरच्या माझ्या गाळ्याचं शटर ओढलं आणि मुलुंडला गेलो. त्याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी निरोप पाठवला की तुम्ही त्यांचे जुने मित्र, तुम्हीच लिहा. गेली चार वर्षं मित्र हा शब्द मी त्याच्यासाठी वापरला नव्हता. वापरत होतो तो शब्द दुसरा होता, आणि तो मी चारचौघांत, एका कॉलेजच्या फाटकाशी, ओरडून वापरला होता. तो कुठला, ते पुढे येईलच.

दत्ताराम आमच्या गावचा. गिरणीत बदली कामगार म्हणून लागला तेव्हा राहायला आमच्याकडे आला, कुर्ल्याला. आम्ही दोघंही विशीतले. माझे वडील, नाना, गिरणीतच होते, पण त्यांचा जीव गणपतीत. श्रावण लागला की चाळीमागच्या शेडमध्ये शाडू मळायला घ्यायचे. मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. नानांचे नियम ठरलेले. आधी पाट, मग मांडी, मग पोट, मग छाती, डोकं सगळ्यांत शेवटी. खालचं भक्कम झाल्याशिवाय वर हात लावायचा नाही. आणि पाठ नुसती सारवल्यासारखी गुळगुळीत करून सोडायची. गणपतीच्या पाठीमागे दारिद्र्य असतं, तिकडे बघू नये, असं आमच्याकडे मानतात. त्या पाठीवर नाना फक्त एक गोष्ट करायचे. ज्यानं मूर्ती सांगितली त्याचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, म्हणजे चतुर्थीला घोटाळा व्हायला नको.

पहिल्याच श्रावणात दत्तारामनं शाडूला हात लावला आणि नाना काम थांबवून बघत बसले. माझ्याकडे असे ते कधी बघत बसले नव्हते. मी बारा वर्षं मळत होतो, हा बारा दिवसांत सोंड वळवायला लागला. त्याचा हात घाई करत नसे. मी एक मूर्ती संपवून दुसरी घेईपर्यंत तो एका बोटाच्या पेरावर अडकलेला असायचा. मी चिडून म्हणायचो, "दत्त्या, गिऱ्हाईक बोटं मोजायला येत नाही रे!" तो हसायचा. "पण गणपतीक म्हायती आसता मा, आपणाक बोटां किती ती."

नानांची एक कोरणी होती. पोफळीच्या लाकडाची, आजोबांनी तासलेली, वीतभर लांब. एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि मधे तीन पिढ्यांच्या अंगठ्यानं पडलेला खळगा. ती मला मिळणार यात कुणालाच शंका नव्हती, मला तर नव्हतीच. नानांनी हात थरथरायला लागल्यावर काम सोडलं, त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरणी धुतली, पुसली आणि माझ्यासमोर दत्तारामच्या हातात दिली. मी म्हटलं, "नाना, मुलगा मी आहे." ते म्हणाले, "म्हणान तर सांगतंय. तुझो हात तोंडात आसा, वामना. ह्येचा तोंड हातात आसा." दत्ताराम कोरणी परत पुढे करत होता. मी घेतली नाही. दुसऱ्याच्या हातातून काय घ्यायची!

मग मी तोंडाचंच काम केलं. मूर्ती सोडल्या आणि शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारे प्लास्टरचे नमुने विकायला लागलो. डोळा, कान, दात, मूत्रपिंड. आधी दुसऱ्यांचे विकले, मग साचे विकत घेतले, मग घाटकोपरला गाळा घेतला. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अशी शाळा नसेल जिथं मी मुख्याध्यापकांशी भांडलो नाही आणि भांडून माल दिला नाही. कुणाच्या ओळखीनं नाही, कुणाच्या वशिल्यानं नाही. संपात गिरण्या बंद पडल्या आणि दत्ताराम घरी बसला, तेव्हा त्याला मीच गाळ्यात आणलं. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण नंतर कुणी ते म्हटलं नाही. त्यानं सुद्धा नाही. म्हणजे तो म्हणायचा, पण मला पुरेसं वाटेल इतकं नाही.

शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचं काम मी मिळवलं ते याच सुमाराला. शरीररचनेच्या विभागप्रमुख होत्या डॉक्टर सबनीस मॅडम. बुटक्या, बारीक, आवाज मात्र पार जिन्याखाली जाईल असा. त्यांनी नमुना म्हणून एक धड मागितलं होतं. मानेपासून कमरेपर्यंत, स्नायूंसकट. दत्तारामनं महिनाभर राबून केलं. छाती अशी की वाटावं आता श्वास घेईल. मी स्वतः टॅक्सीत मांडीवर घेऊन गेलो, दत्ताराम बरोबर होता. मॅडमनी समोरून पाहिलं, मान हलवली, आणि मग ते फिरवलं.

"आणि ही पाठ?"

पाठ गुळगुळीत होती. सारवल्यासारखी. आम्ही दोघांनी महिनाभर ते धड पाहिलं होतं, रंगवलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. मी तोंड चालवायला लागलो, की मॅडम, विद्यार्थी समोरूनच बघतात, पाठ भिंतीकडे राहील... दत्ताराम मात्र खाली बघून म्हणाला, "मॅडम, आमी गणपती करतो. गणपतीची पाठ कोण बघता?" मला वाटलं, गेलं काम. पण मॅडम हसल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि त्यालाही बसवलं. मला नाही. "दत्ताराम, माणूस पाठीपासून होतो. आईच्या पोटात आधी पाठ घडते. छाती सगळ्यांत मागून येते, पाठीकडून पुढे."

तिथून पुढे दत्तारामला जे वेड लागलं, त्यातलं मला कळलं तेवढंच सांगतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मांसाच्या बारीक गोळ्यांच्या जोड्या उमटत जातात. डोक्याकडून खाली, एकामागून एक. त्यातूनच मणके, बरगड्या आणि पाठीचे, छातीचे स्नायू होतात. यातली गंमत अशी की एका गोळीचा एक मणका होत नाही. वरच्या गोळीचा खालचा अर्धा आणि खालच्या गोळीचा वरचा अर्धा, असे दोन शेजारी मिळून एक मणका. मॅडमनी हे सांगितल्यावर दत्तारामनं त्यांच्या टेबलावरच शाडूच्या गोळ्या मांडल्या, प्रत्येक मधोमध कापली आणि शेजारणीला जोडली. "म्हणजे स्नायू एका मणक्यावरून दुसऱ्यावर जाता. म्हणान पाठ वाकता!" मॅडम टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "बरोब्बर! माझ्या मुलांना हे कळायला वर्ष जातं." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला कळलं?" मी हो म्हटलं. मला कळलं नव्हतं. ते मला घरी, आठ दिवसांनी, पोळीचे तुकडे ताटात मांडून कळलं, आणि तेव्हा ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

दत्ताराम आठवड्यातून तीन दिवस कॉलेजात जायला लागला. प्रेतं चिरतात त्या खोलीत उभा राहायचा, गाळ्यात येऊन बोलायचा. एकदा म्हणाला, पाठीवरचा सगळ्यांत रुंद स्नायू मुळात पाठीचा नाहीच. तो हाताचा. हाताबरोबर वाढला आणि पाठीवर पसरला, पण त्याची नस अजून मानेकडून येते. मॅडमनी त्याला सांगितलं होतं, स्नायू कुठेही जाऊन राहू दे, आपली नस बरोबर घेऊन जातो, नस धरून मागे गेलं की मूळ ठिकाण सापडतं. "वामन्या, आपल्यासारखाच रे ता! ऱ्हवता कुर्ल्याक, पण मनिऑर्डर गावाक." अख्खा गाळा हसला. मीही हसलो, पण मनात दुसरंच होतं. बारा वर्षं नानांच्या हाताखाली मी होतो, गाळा माझा होता, कॉलेज मी शोधलं होतं. आणि मॅडम फोन करायच्या तेव्हा विचारायच्या, "दत्ताराम आहेत का?"

मॅडमनी सहा नमुन्यांची मालिका सांगितली, विभागाच्या संग्रहालयासाठी. पहिल्यात गोळ्यांच्या पहिल्या जोड्या, पुढच्यात पूर्ण पाठभर, तिसऱ्यात मणके, चौथ्यात मणक्यांना फुटलेले बरगड्यांचे कोंब, पाचव्यात त्या बरगड्या कुशीवरून वळून पुढे येताहेत आणि छाती अजून उघडी. सहावा शेवटचा. पुढच्या बाजूला छातीचं मधलं हाड आधी अखंड नसतंच, दोन वेगळ्या पट्ट्या असतात, आणि त्या मधोमध येऊन एकमेकींना जुळतात. तो जुळण्याचा क्षण दाखवायचा होता. मॅडम म्हणाल्या होत्या, कधी कधी त्या जुळत नाहीत, मग जन्मलेल्या बाळाची धडधड कातडीखाली डोळ्यांनी दिसते.

पाच झाले आणि दत्तारामला तापानं धरलं. खोकला तर होताच, गिरणीच्या कापसाचा आणि आता माझ्या प्लास्टरचा. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे बोलावलेले. तो घरी पडून, आणि कोरणी गाळ्यात, त्याच्या खणात. एका रविवारी दुपारी मी गाळा आतून लावून घेतला, खण उघडला आणि सहावा नमुना स्वतः करायला बसलो. समोर मॅडमचं रेखाचित्र. किती वर्षांनी शाडूत हात घातला होता! तीन रविवार लागले. दोन पट्ट्या, त्यांच्याकडे आलेल्या बरगड्या, आणि त्या जुळताहेत. सांगायला लाज वाटते, पण झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाना वारले नसते तर मी तो तसाच उचलून कुर्ल्याला नेला असता.

प्लास्टर ओतून वाळलं आणि उद्घाटनाच्या तीन दिवस आधी दत्ताराम कामावर आला. त्यानं तो उचलला, फिरवून फिरवून बघितला. त्याची एक सवय होती. कुठलंही काम झालं की तो त्यावरून अंगठा फिरवायचा, वरून खाली, डोळे मिटून. तसा फिरवला. माझ्या छातीत धडधडत होतं, पण चेहरा मी सौद्यातला ठेवला होता. तो म्हणाला, "बरा झाला." एवढंच. मग म्हणाला की रंगाचा हात आणि बांधाबांध तोच करेल, मी जावं. ते तीन दिवस मी पाहुण्यांच्या आणि टेंपोच्या मागे होतो. खोके कॉलेजात गेले ते पेंढा भरून, बंद होऊनच. दत्तारामचे डोळे लाल होते. मला वाटलं, ताप.

उद्घाटनाला मी मागे उभा होतो. कोट घातलेले पाहुणे, पुढे विद्यार्थी, त्यांच्या डोक्यांवरून सहा काचेच्या पेट्या. मॅडम एकेक दाखवत गेल्या, सहाव्यापाशी थांबल्या. "दत्ताराम, ही सगळ्यांत सरस. ही पाहिल्यावर मला मुलांना काही सांगावंच लागणार नाही." टाळ्या पडल्या. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "मॅडम, ती..." आणि गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. पेट्यांच्या वरच्या पाटीवर नाव होतं ते एकट्या दत्ताराम घाडीचं.

फाटकाशी मी त्याला गाठला. "चोर! ती माझी होती! नानांची कोरणी घेतलीस, आता माझं कामही घेतलंस?" रखवालदार, पाहुण्यांचे ड्रायव्हर, सगळे बघत होते. दत्तारामचं तोंड पांढरं पडलं. "हळू बोल रे. मॅडमक सांगून तुझा पण नाव घालूक लावतंय."

"भीक नको मला."

"वामन्या, ऐक तरी..."

"काय ऐकू? ती मी केली की नाही, एवढंच सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू केलंस," म्हणाला.

एवढं मला पुरलं. त्या दिवसापासून मी त्याला काम दिलं नाही. मॅडमनी त्याला विभागात मॉडेलर म्हणून लावून घेतलं, कायम. कोरणी घेऊन तो गेला. मी त्या कॉलेजात पुन्हा पाऊल टाकलं नाही. माल पाठवायचा तर माणूस पाठवायचो. ओळखीपाळखीत मात्र गोष्ट सांगत राहिलो, कशी माझी छाती त्यानं आपल्या नावावर खपवली. ऐकणारे चुकचुकायचे. मला बरं वाटायचं.

जाण्याआधी चार-पाच महिने तो गाळ्यावर आला होता. खूप वाळलेला. स्टुलावर बसला, मांडीवर कापडी पिशवी. धाप ओसरेपर्यंत बोलला नाही. मी बिलं चाळत बसलो, चहा सांगितला नाही. शेजारी माझ्या साच्यातलं नवं धड उभं होतं. त्यानं त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत अंगठा फिरवला. "पाठ बरी केलंस," म्हणाला. मी म्हटलं, "काही काम होतं?" पिशवीवरचा त्याचा हात हलला, थांबला. "नाय. असाच इलंय." आणि उठून गेला.

तेराव्यानंतर मी दत्तारामच्या बायकोकडे, शालनवहिनींकडे गेलो. शोक करायला गेलो असं लिहिता येईल, पण मी कोरणीसाठी गेलो होतो. मनात सगळं जुळवून गेलो होतो, कुठून सुरुवात करायची, कुठे आवाज खाली आणायचा. म्हटलं, "वहिनी, नानांची आठवण आहे ती. आमच्या घरातली वस्तू. तुम्ही म्हणाल ते..."

वहिनींनी मला मधेच थांबवलं. "भावोजी, ती नाही मिळायची. ती देव्हाऱ्यात आहे." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. पन्नास मुख्याध्यापकांना वाकवलं मी, पण त्या बाईपुढे मी उठायला लागलो. त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं घेऊन आल्या. "हे मात्र तुमचं आहे. एकदा तुमच्याकडे घेऊन आले होते हे. तसंच परत आणलं. विचारलं तर म्हणाले, चुलीत घालू नको, त्याचं आहे."

पुडक्यात सहावा नमुना होता. माझा. रंग न दिलेला. उलटा केला तर पाठीमागे पेन्सिलीनं, नानांच्या पद्धतीनं, लिहिलेलं... वामन. सांगितलेल्या पण कुणी न्यायला न आलेल्या गणपतीसारखा तो चार वर्षं त्याच्या घरात होता.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून मी चार वर्षांत पहिल्यांदा कॉलेजात गेलो. मॅडम निवृत्त झाल्या होत्या. शिपायानं संग्रहालय उघडून दिलं. सहाव्या काचेला नाक लावून उभा राहिलो. आतली छाती माझी नव्हती. आतल्या पट्ट्या वरच्या टोकाला, गळ्याखाली, जुळलेल्या होत्या, आणि खाली अजून अंतर होतं. पिशवीतली माझी काढून शेजारी धरली. माझी खाली जुळलेली, आणि वर उघडी. आधी पाट, मग मांडी, मग पोट... खालचं भक्कम झाल्याशिवाय वर हात लावायचा नाही. रेखाचित्र तीन रविवार डोळ्यांसमोर होतं, आणि हात नानांचं ऐकत होता. छाती वरून खाली जुळत येते. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. दत्तारामला ते एका अंगठ्यात कळलं होतं. तापातून उठलेल्या माणसानं तीन दिवसांत नवीन केली, जुनी पेंढ्यात न घालता घरी नेली, आणि मी फाटकाशी चोर म्हणून ओरडत होतो तेव्हा एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही. मी विचारलं होतं, मी केली की नाही. मी केलीच होती, म्हणून हो म्हणाला.

माझ्याकडे त्याच्याविरुद्ध एवढी एकच गोष्ट होती, आणि ती पण त्यानं माझ्याकडे राहू दिली होती. चार वर्षं. मला नाही जमलं असतं. लोक म्हणतील, आता तरी मनातून काढून टाका. काढायचं काय? त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता हे मी एकवेळ गिळलं असतं. आता कळतं, त्याची जीभही माझ्यापेक्षा चांगली होती, आणि नाना तेवढं म्हणाले नव्हते. मला आजही त्याचा हेवा वाटतो. पूर्वीपेक्षा जास्तच.

माझा सहावा नमुना आता गाळ्यात माझ्या टेबलावर असतो. येणारे शिक्षक विचारतात, हे काय, केवढ्याला. मी सांगतो, विकायचं नाही, चुकलेलं आहे. त्यांना वाटतं, भाव वाढवतोय. रोज सकाळी शटर वर केलं की बसण्याआधी मी त्यावरून अंगठा फिरवतो, डोळे मिटून, वरून खाली, तो फिरवायचा तसा. खाली जायच्या आधी वरच्याच फटीत अंगठा अडकतो...